पाटीवरचा आहारतज्ज्ञ आणि नोंदवहीतला आहारतज्ज्ञ

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात घरोघरी प्रवेशाची चर्चा सुरू होते. वैद्यकीयच्या गुणवत्ता यादीत नाव नाही, अभियांत्रिकीत रस नाही, पण आरोग्य क्षेत्रात काहीतरी करायचे आहे, अशा मुलामुलींच्या तोंडी हल्ली ‘डाएटिशियन’ हा शब्द हमखास येतो. त्याच वेळी मोबाइलवर जाहिराती झळकत असतात : थोड्या महिन्यांत आहारतज्ज्ञ व्हा, घरबसल्या प्रमाणपत्र मिळवा, लगेच कमवायला लागा. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या घरी मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचा रुग्ण असतो. डॉक्टरांनी ‘पथ्य पाळा’ म्हणून सांगितलेले असते. पण नेमके काय खायचे, किती खायचे, हे विचारायला कुणाकडे जावे ते त्या घराला कळत नाही. मग शेजारणीने पाठवलेला तक्ता, जिममधल्या ट्रेनरने लिहून दिलेला कागद किंवा व्हिडिओतला सल्ला, यांपैकी जे हाती लागेल ते सुरू होते.

प्रवेश घेणारे घर आणि रुग्णाचे घर, दोघांचाही प्रश्न खरे तर एकच आहे. आहारतज्ज्ञ म्हणायचे कुणाला? बरीच वर्षे आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचे उत्तर नव्हते. आता ते आहे. मात्र उत्तर कागदावर आल्याने सोलापूरच्या रुग्णाला आहारतज्ज्ञ मिळत नाही आणि सोलापूरच्या मुलीला शिक्षणही मिळत नाही. त्यासाठी या शिक्षणातली सर्वांत महत्त्वाची पायरी, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, जिल्ह्याच्या ठिकाणी यायला हवी.

कायदा काय सांगतो?

संसदेने २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा’ मंजूर केला. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या परिषदा आधीपासून होत्या. त्यांच्याबाहेर राहिलेल्या भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण तंत्रज्ञान अशा व्यवसायांना या कायद्याने एका छत्राखाली आणले. कायद्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत आणि त्यांतला एक गट पोषणशास्त्राचा आहे. त्यात आहारतज्ज्ञ म्हणजे डाएटिशियन आणि पोषणतज्ज्ञ म्हणजे न्यूट्रिशनिस्ट, ही दोन्ही नावे आहेत. ‘मी डाएटिशियन नाही, न्यूट्रिशनिस्ट आहे, मला नियम लागू नाहीत’ ही पळवाट त्यामुळे आपल्याकडे चालू नये. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ हे नाव कायद्याने राखीव आहे, ‘न्यूट्रिशनिस्ट’ मात्र मोकळे आहे. भारताने दोन्ही नावे एकाच गटात घेतली, हे चांगले झाले.

या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान ३,६०० तासांचा, तीन ते सहा वर्षांत विभागलेला पदवी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यानंतर राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव यावे लागते. नोंदणी नसताना ती असल्याचे भासवणाऱ्याला दंडाची आणि गुन्हा पुन्हा केल्यास कैदेचीही तरतूद कायद्यात आहे. ३,६०० तास म्हणजे रोज सहा तास धरले तरी ६०० दिवसांचे शिक्षण. काही आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गाची आणि या शिक्षणाची तुलनाच होऊ शकत नाही.

२०२५ मध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. पोषण व आहारशास्त्रासह दहा व्यवसायांसाठी देशभर समान अभ्यासक्रमाचा आराखडा जाहीर झाला. शिवाय, या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली. अन्न व पोषणशास्त्र आणि वैद्यकीय पोषण व आहारशास्त्र यांचा त्यात नावानिशी समावेश आहे. सोलापूरच्या ज्या घरात सध्या प्रवेशाचा विचार चालू आहे, त्या घराने पैसे भरण्यापूर्वी ही एक गोष्ट तरी पक्की लक्षात ठेवावी. घरबसल्या मिळवलेले प्रमाणपत्र आवड म्हणून ठीक असेल. त्यावर व्यवसायाची भिस्त ठेवता येणार नाही.

पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी बारावीची. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय असलेली विज्ञान शाखा या वाटेला सर्वांत सोयीची, कारण पुढचा बहुतेक अभ्यास या दोन विषयांवर उभा आहे. दुसरी पायरी पदवीची. पोषण व आहारशास्त्र, अन्न व पोषण किंवा गृहविज्ञान अशा नावांनी ही पदवी दिली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा स्वयंपाकाचा अभ्यासक्रम वाटतो. प्रत्यक्षात त्यात शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नशास्त्र, आजारांतील आहारोपचार, सामुदायिक पोषण, मोठ्या स्वयंपाकघराचे व्यवस्थापन, संख्याशास्त्र आणि समुपदेशन इतके विषय येतात.

तिसरी पायरी पदव्युत्तर शिक्षणाची, म्हणजे एमएस्सी किंवा आहारशास्त्रातील पदव्युत्तर पदविकेची. महाराष्ट्रात या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले महिला विद्यापीठ, म्हणजे आजचे एसएनडीटी, आणि मुंबईचे निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थिनी घडवल्या. परभणीच्या कृषी विद्यापीठातही गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे. त्या शाखेला आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. सोलापूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवर हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी बेरीबेरी या आजाराच्या शोधासाठी एक छोटीशी प्रयोगशाळा सुरू केली, ती वाढत १९५८ मध्ये हैदराबादला आली. भारतीय अन्नपदार्थांत काय किती असते, याचे देशात सर्वत्र वापरले जाणारे तक्ते याच संस्थेचे. त्यांच्या २०१७ च्या आवृत्तीत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे.

चौथी पायरी रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची, म्हणजे इंटर्नशिपची. पाचवी परीक्षेची. १९६३ मध्ये स्थापन झालेली भारतीय आहारशास्त्र संघटना, म्हणजे इंडियन डाएटेटिक असोसिएशन, पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांची परीक्षा घेते. ती उत्तीर्ण होणाऱ्याला ‘आर.डी.’, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही उपाधी नावापुढे लावता येते. पुढेही परिषदा व प्रशिक्षणांना हजेरी लावून ज्ञान ताजे ठेवावे लागते आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ही संघटनेची नोंदणी आजवर ऐच्छिक होती. ज्यांनी ती केली, त्यांनी कायद्याची सक्ती नसताना केली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. २०२१ च्या कायद्याने आता सहावी पायरी आणली आहे, ती म्हणजे राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव येण्याची. संघटनेची उपाधी आणि सरकारी नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांनी आणि रुग्णांनीही ध्यानात ठेवावे.

इतकी लांब वाट कशासाठी, असे कुणी विचारील. अमेरिकेत तर ती आणखी लांबली आहे. तिथे जानेवारी २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आणि देखरेखीखाली किमान १,००० तास काम केल्याशिवाय परीक्षेचे दार उघडत नाही. या हजार तासांत जे शिकायला मिळते ते पुस्तकात का मिळत नाही, हे रुग्णालयाच्या वॉर्डात गेल्यावर कळते.

वॉर्डात काय शिकायला मिळते?

मूत्रपिंडाच्या रुग्णाचे उदाहरण घ्या. मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत, पण डायलिसिस सुरू नाही, अशा रुग्णाची प्रथिने मर्यादित ठेवतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम. त्याच माणसाचे डायलिसिस सुरू झाले की हिशेब उलटतो. डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक रक्तातून निघून जातात, म्हणून गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर, म्हणजे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅमवर जाते. माणूस तोच, आजार तोच, घरही तेच. पण महिन्यापूर्वी ‘डाळ-अंडे कमी करा’ म्हणणाऱ्याला आता ‘वाढवा’ म्हणावे लागते. घरच्यांना हा बदल पटवून देणे हेही एक कौशल्य आहे. भीतीपोटी जुनेच पथ्य चालू राहिले तर रुग्ण खंगत जातो.

याच रुग्णाला पोटॅशियमचे भान ठेवावे लागते. नारळपाणी, डाळिंबाचा रस, केळी हे एरवी ‘ताकदीचे’ समजले जाणारे पदार्थ त्याच्या हृदयाची लय बिघडवू शकतात. रक्तदाबासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘कमी सोडियमच्या’ अनेक मिठांत सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ म्हटले, म्हणून घरच्यांनी काळजीने ते महागडे मीठ आणले, तर भल्यासाठी केलेली गोष्ट अंगाशी येते. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी टाकून द्यायचे, म्हणजे पोटॅशियम बरेच उतरते, ही साधी युक्ती प्रशिक्षित आहारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत सांगते.

दुसरे उदाहरण मधुमेहाचे. धान्य पूर्ण बंद करा, असा सल्ला समाजमाध्यमांवर सर्रास दिला जातो. पण ज्या रुग्णाला इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्याने औषध तेच ठेवून भाकरी एकदम सोडली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम, थरथर, बेशुद्धी इथपर्यंत वेळ येते. आहार बदलताना डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्राही पाहावी लागते. व्हिडिओतल्या माणसाला समोरच्याच्या गोळ्यांचे नावही माहीत नसते.

तिसरे उदाहरण कुपोषित बालकाचे. तीव्र कुपोषित मूल दवाखान्यात आले की त्याला भरपेट खायला घालावे, अशी कुणाही मायाळू माणसाची पहिली ऊर्मी असते. तीच घातक ठरू शकते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम वेगाने पेशींत ओढले जातात आणि हृदय व श्वासावर परिणाम होतो. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवात ‘एफ-७५’ या पातळ आहाराने करतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात आणि तो दिवसरात्र थोडा थोडा दिला जातो. मूल स्थिरावले की १०० कॅलरींचा ‘एफ-१००’ सुरू होतो. केव्हा बदलायचे, हे मुलाकडे रोज पाहणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकेला आणि आहारतज्ज्ञालाच कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने वजनाने कमी आहेत. त्यामुळे हे कौशल्य राज्यात कुठेही लागू शकते.

या तिन्ही उदाहरणांत चुकीचा सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. अर्धवट माहितीमुळेच नुकसान होते. आहारात ‘अपाय तर होणार नाही ना’ असे म्हणून सोडून देण्यासारखे फार थोडे असते. औषधाची चिठ्ठी डॉक्टरशिवाय कुणी लिहू नये, हे समाजाला पटले आहे. आजारी माणसाच्या ताटाबद्दल ते अजून पटायचे आहे.

सोलापूरचे ताट वेगळे आहे

आहारतज्ज्ञ मुंबई-पुण्याहून ऑनलाइन सल्ला देतीलच की, असा एक युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा आहे. आहाराचा सल्ला ताटाला धरून द्यावा लागतो आणि सोलापूरचे ताट सोलापूरचेच आहे. इथे मालदांडी ज्वारीची भाकरी आहे, दिवसेंदिवस टिकणारी कडक भाकरी आहे, शेंगाचटणी आहे. ज्वारीने साखर वाढत नाही, असा इथल्या अनेकांचा ठाम समज. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि गव्हाच्या पिठातही त्याच्या आसपासच असतात. ज्वारीत तंतू आणि प्रथिने प्रत्येकी दहा ग्रॅमच्या घरात असतात, ही जमेची बाजू. पण भाकरी किती खाल्ली, सोबत काय खाल्ले, यावर साखरेचे गणित ठरते. शेंगाचटणीचेही तसेच. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १५० कॅलरी असतात. कामावर उन्हातान्हात राबणाऱ्याला ती चटणी पौष्टिक आहे. दिवसभर दुकानात बसणाऱ्याने तिच्यावर आणखी तेल ओतून घेतले तर तीच वजन वाढवते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा जिल्ह्याला अभिमान आहेच. त्याच ज्वारीचा रुग्णाच्या ताटात नेमका वापर कसा करायचा, हे सांगणारी माणसेही जिल्ह्यात हवीत.

शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. विड्या वळणाऱ्या हजारो महिलांपैकी कितीतरी जणी घरात तेलुगू बोलतात. तासन्‌तास एका जागी बसून काम, मध्ये मध्ये चहा, घाईचे जेवण हा त्यांचा दिवस. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातील लोहाचे शोषण घटते, लिंबू पिळले की वाढते. राज्यात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला रक्तक्षयी असल्याचे त्याच सर्वेक्षणाने सांगितले आहे. चहाची वेळ जेवणापासून तासाभराने पुढे ढकलण्याचा सल्ला फुकटात पाळता येतो, पण तो त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या कामाच्या वेळा माहीत असलेल्या माणसाने द्यायला हवा. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला ‘सकाळी आठला न्याहारी, रात्री आठला जेवण’ असा छापील तक्ता देऊन काय उपयोग?

उपवासांचे तर बोलायलाच नको. पंढरपूर याच जिल्ह्यात. आषाढीला, कार्तिकीला, श्रावणी सोमवारी घरोघरी साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेही वारकऱ्याला ‘उपवास सोडा’ म्हणून सांगणे सोपे आहे आणि तो ते ऐकणार नाही, हेही उघड आहे. भगर, दही, राजगिरा आणि मोजके शेंगदाणे यांतून त्याचा उपवास कसा निभावेल, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून कशी बदलायची, हे सांगता आले पाहिजे. रमजानच्या रोज्यांतही हाच प्रश्न वेगळ्या वेळापत्रकाने येतो. श्रद्धेचा मान राखून आरोग्य सांभाळणारा सल्ला देता येणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि तो जिथल्या तिथेच शिकता येतो.

अडते कुठे?

अडते ते चौथ्या पायरीवर. पदवीचे वर्ग उघडणे तुलनेने सोपे असते. रुग्णशय्येजवळ उभे करून शिकवणारी माणसे आणि जागा मिळणे अवघड. गृहविज्ञानाची जुनी महाविद्यालये आणि आहार विभाग असलेली मोठी रुग्णालये बव्हंशी महानगरांत आहेत. तालुक्यातल्या मुलीला बारावीनंतर पाच-सहा वर्षे बाहेरगावी राहायचे, शेवटी मोठ्या शहरात बहुधा विनावेतन किंवा पदरचे पैसे मोडून प्रशिक्षण घ्यायचे, हे परवडत नाही. घरचे म्हणतात, ‘इतके करून पगार बेताचाच, मग बी.एड. काय वाईट?’ त्यांचे चुकत नाही. वाट लांब, खर्चाची आणि शेवटी पदे मोजकी असतील तर हुशार मुले तिकडे वळणार नाहीत. मग जागा भरून काढायला झटपट प्रमाणपत्रवाले तयारच असतात.

म्हणून नुसती बंदी आणि दंड पुरेसा नाही. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ पुरेसे नसताना बोगस पाट्या उतरवल्या, तर रुग्ण पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपकडेच जाणार. दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत.

सोलापूरकडे यासाठी लागणारे बरेच काही आहे. आहारशास्त्र संघटना स्थापन झाली त्याच वर्षी, १९६३ मध्ये, इथे डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सोलापूरकरांच्या ‘सिव्हिल’मध्ये, जिल्ह्यातूनच नव्हे तर शेजारच्या धाराशिव आणि कर्नाटकातल्या विजयपूर, कलबुर्गी भागांतूनही रुग्ण येतात. सहकारी तत्त्वावर उभे राहिलेले अश्विनी रुग्णालय आहे, इतर खासगी रुग्णालये आहेत. २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाणारे. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. रुग्ण आहेत, वॉर्ड आहेत, विद्यार्थी आहेत. विद्यापीठ आणि रुग्णालये यांनी एकत्र बसून आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यावेतनासह प्रशिक्षणाच्या जागा ठरवल्या, त्यांच्यावर देखरेख करायला अनुभवी नोंदणीकृत आहारतज्ज्ञ नेमले, तर अवघड पायरी घराजवळ येईल. सुरुवातीला वर्षाला दहा-पंधरा जागा झाल्या तरी काही वर्षांत तालुक्याच्या रुग्णालयांपर्यंत माणसे पोहोचतील.

सरकारी पदांचाही विचार व्हावा. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मानकांत आहारतज्ज्ञाचे पद धरलेले असते, पण शेकडो खाटांमागे एखादे पद असून भागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. याच परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत देशातील ५६.४ टक्के आजारांचे ओझे चुकीच्या आहाराशी जोडले आहे. निम्म्याहून अधिक ओझे ताटातून येत असेल, तर ताटाचा विचार करणाऱ्या माणसाला आरोग्य यंत्रणेत इतकी थोडी जागा का?

‘आजीला कुठे होती पदवी?’

यावर एक आक्षेप हमखास येतो. आजीने कधी नोंदणी केली होती? तरी घर तिच्या हातचे खाऊन धडधाकट राहिलेच ना? निरोगी माणसाच्या रोजच्या जेवणापुरते हे म्हणणे बरोबर आहे. भाकरी, आमटी, पालेभाजी, ताक हे जेवण ठरवायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही आणि कुणी तशी भीती घालू नये. चांगला आहारतज्ज्ञही आजीच्या ताटावरच सल्ला उभारतो. पण आजीच्या काळी डायलिसिस नव्हते, इन्सुलिन घेऊन ऐंशी वर्षे जगणारे रुग्ण नव्हते, कर्करोगावरच्या उपचारांत नळीने अन्न घेणारी माणसे घरी नव्हती. नव्या उपचारांबरोबर नवे पथ्य आले आणि ते शिकावेच लागते.

डॉक्टर आहेत ना, असा दुसरा आक्षेप. डॉक्टर हवेतच, निदान आणि औषध त्यांचेच काम. पण बाह्यरुग्ण विभागात रांगेतल्या प्रत्येकाला डॉक्टरांना जेमतेम काही मिनिटे देता येतात. तेवढ्या वेळात एका कुटुंबाचा स्वयंपाक, पगार, आवडनिवड आणि उपवास समजून घेऊन ताट बसवणे शक्य नाही. डॉक्टरांनी तपासावे आणि आहारासाठी पुढे पाठवावे, ही सवय रुजायला हवी.

रुग्णाने काय विचारावे?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वतःला आरोग्यतज्ज्ञ म्हणवणाऱ्याने आपले शिक्षण उघड सांगावे, असे त्यांत म्हटले आहे. हीच अपेक्षा प्रत्यक्ष भेटणाऱ्या सल्लागाराकडूनही ठेवता येते. पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्यात संकोच नको. शिक्षण कोणते आणि कोणत्या विद्यापीठाचे? रुग्णालयात प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झाले? नोंदणी आहे का, असल्यास क्रमांक काय? खऱ्या आहारतज्ज्ञाला या प्रश्नांचा राग येणार नाही. त्याने स्वतःहून चौथा प्रश्न विचारला, ‘तुमची औषधे आणि रक्ताचे अहवाल दाखवा’, तर तो शिकलेला माणूस आहे असे समजायला हरकत नाही. अहवाल न पाहताच कागद पुढे करणाऱ्याकडून, किंवा सल्ल्याबरोबर पावडरीचा डबा विकणाऱ्याकडून, सरळ उठून यावे.

राज्य परिषदेनेही आपले काम चोख करावे. नोंदवही मराठीत आणि मोबाइलवर सहज पाहता येईल अशी असावी, म्हणजे अक्कलकोटच्या किंवा करमाळ्याच्या माणसालाही नाव टाकून खात्री करता येईल. आधीपासून प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांना नव्या नोंदणीत येण्याची वाट सुटसुटीत असावी. पाटीवर नोंदणी क्रमांक लिहिणे बंधनकारक करावे.

आणि ज्या घरात निकालाची गुणपत्रिका समोर ठेवून विचार चालू आहे, त्या घराने मुलीला परावृत्त करू नये. काम कष्टाचे आहे आणि शिक्षण लांब आहे, पण येत्या काळात मधुमेह, मूत्रपिंड आणि कर्करोगाच्या प्रत्येक वॉर्डात या माणसांची गरज पडणार आहे. प्रवेश घेताना महाविद्यालयाला एवढेच विचारावे : विद्यार्थ्यांना रुग्णालयाचे प्रशिक्षण कुठल्या रुग्णालयात आणि कुणाच्या देखरेखीखाली मिळते? उत्तर ठाम मिळाले तर फी भरावी. उत्तर गुळमुळीत असेल, तर माहितीपत्रक कितीही चकचकीत असो, पुढचे महाविद्यालय पाहावे.